उतरलेले वजन टिकवताना: डेन्मार्कमधील एस-लाइट चाचणीचा प्रकरण अभ्यास

कोपनहेगन विद्यापीठ आणि त्या शहराच्या परिसरातील ह्विदोव्र रुग्णालय येथील संशोधकांनी लठ्ठपणा असलेल्या २१५ प्रौढांना आठ आठवडे दिवसाला केवळ ८०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने बैठे काम करणाऱ्या भारतीय पुरुषाला दिवसाला सुमारे २,१०० आणि स्त्रीला सुमारे १,६६० कॅलरी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे ८०० कॅलरी किती तुटपुंज्या आहेत याची कल्पना येईल. सहभागी १८ ते ६५ वयोगटातील होते, त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ३२ ते ४३ यांच्या दरम्यान होता, सरासरी वजन ११० किलोच्या आसपास होते आणि कोणालाही मधुमेह नव्हता. आठ आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी १३.१ किलोंनी उतरले. ज्यांचे वजन किमान ५% कमी झाले होते अशा १९५ जणांना पुढच्या टप्प्यात घेण्यात आले आणि या चाचणीचा खरा विषय तिथून सुरू झाला.

एस-लाइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे निष्कर्ष मे २०२१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. लठ्ठपणावरील औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्या औषधाने वजन किती उतरले हे मोजतात. इथे ते काम आहाराने आधीच उरकले होते. लिराग्लुटाइड हे इंजेक्शनचे औषध आणले गेले ते उतरलेल्या वजनाच्या राखणीसाठी. शिवाय औषधाच्या शेजारी व्यायामालाही तितक्याच गांभीर्याने उभे केले गेले आणि वर्षभरानंतर दोन्ही काढून घेऊन, आणखी एक वर्ष गेल्यावर याच लोकांना पुन्हा तपासले गेले. वजन कमी करण्याचे इंजेक्शन सुरू करावे की नाही यावर आपल्याकडे घरोघरी बोलले जाऊ लागले आहे, पण ते थांबल्यावर काय होते यावर फारच कमी बोलले जाते. म्हणूनच हे एकच प्रकरण सविस्तर पाहण्याजोगे आहे, असे मला वाटते.

वजन उतरल्यानंतरचे शरीर

आठ आठवड्यांच्या कडक आहारानंतर माणूस समाधानी असतो, त्याचे शरीर मात्र तसे नसते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे झालेल्या आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प कॅलरींचा आहार देण्यात आला होता आणि त्यांचे वजन सरासरी १३.५ किलोंनी उतरले होते, म्हणजे एस-लाइटमधील घटीइतकेच. पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे पोहोचवणाऱ्या लेप्टिन, पेप्टाइड वायवाय, कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकांची पातळी त्यांच्यात खाली गेली, भूक जागवणारे घ्रेलिन वाढले, आणि विशेष म्हणजे वर्षभरानंतरही हे बदल पूर्ववत झाले नव्हते. त्या लोकांना वर्षानंतरही पूर्वीपेक्षा जास्त भूक लागत होती. याच्याही आधी, १९९५मध्ये, न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की वजन १०% उतरले की शरीराचा ऊर्जाखर्चही कमी होतो, आणि ही कपात केवळ देह लहान झाल्यामुळे व्हायला हवी त्यापेक्षा जास्त असते. म्हणजे वजन उतरवलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि खाल्लेले कमी खर्ची पडते. आपोआप ८० किलोंवर राहिलेला माणूस आणि ११० किलोंवरून ८० किलोंवर आलेला माणूस एकाच ताटावर बसले, तर दुसऱ्याचे वजन वाढण्याची शक्यता अधिक असते.

वजन परत वाढले की नातेवाईक, शेजारी आणि कित्येकदा डॉक्टरही त्या माणसाच्या मनोनिग्रहाला दोष देतात. हा दोष त्या व्यक्तीवर अन्यायकारक आहे आणि त्याने उपचाराचेही नुकसान होते, कारण लाजेपोटी माणूस पुढच्या तपासणीला येतच नाही.

राखणीसाठी औषध वापरण्याची कल्पना नवी नाही. सिब्युट्रामिन या गोळीवर नेमका हाच प्रयोग युरोपात झाला होता आणि २०००मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले होते, परंतु पुढे त्या औषधाने हृदयरुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढत असल्याचे दिसले, २०१०मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले आणि २०११मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. रिमोनाबंट हे दुसरे औषध नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या धोक्यामुळे त्याआधीच बाद झाले होते. वर्षानुवर्षे घ्यावे लागणारे औषध निवडताना सुरक्षिततेचा निकष किती कडक असावा लागतो, हे या दोन औषधांनी शिकवले. एस-लाइटमध्ये वापरलेले लिराग्लुटाइड जीएलपी-१ या गटातील आहे. जेवणानंतर आतड्यातून पाझरणाऱ्या संप्रेरकासारखेच ते वागते, मेंदूतील तृप्तीच्या केंद्रांवर काम करते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. अर्थात वजन उतरल्यावर शरीर ज्या दिशेने ओढते तिच्या उलट दिशेने ते ओढते. शरीरात ते जेमतेम दिवसभर टिकते, म्हणून त्याचे इंजेक्शन रोज घ्यावे लागते. आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही त्याच कुळातील पुढची आणि अधिक प्रभावी औषधे आहेत.

चार गट

१९५ जणांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत विभागणी झाली आणि प्रत्येक गटात ४८ किंवा ४९ जण आले. पहिल्याला लिराग्लुटाइड मिळाले आणि हालचाल नेहमीसारखीच ठेवण्यास सांगितले गेले. दुसऱ्याला व्यायाम आणि सोबत औषध नसलेले इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो. तिसऱ्याला औषध आणि व्यायाम दोन्ही. चौथ्याला प्लासिबो आणि नेहमीची हालचाल. त्यामुळे सुई सगळ्यांनीच रोज टोचून घेतली आणि तिच्यात औषध आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. व्यायाम मात्र असा झाकून ठेवता येत नाही, आणि ही मर्यादा व्यायामाच्या प्रत्येक चाचणीला असते. आहाराबाबत सल्ला आणि वजनाच्या तपासणीसाठी ठरावीक भेटी चारही गटांना होत्या, त्यामुळे चौथा गटसुद्धा वाऱ्यावर सोडलेला नव्हता, हे पुढचे आकडे वाचताना विसरून चालणार नाही.

औषधाची मात्रा रोज ०.६ मिलिग्रॅमपासून सुरू झाली आणि दर आठवड्याला ०.६ने वाढवत ३ मिलिग्रॅमपर्यंत नेली गेली. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे या औषधांचे नेहमीचे त्रास मात्रा घाईने वाढवल्यास बळावतात, म्हणून ही पायरीपायरीची चढण असते.

व्यायामाचे स्वरूप जवळून पाहिले पाहिजे, कारण ‘रोज थोडे चालत जा’ या आपल्याकडच्या सल्ल्यापेक्षा ते बरेच वेगळे होते. आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ४५ मिनिटांचा सामूहिक वर्ग असे. त्यातली ३० मिनिटे जागच्या जागी चालवायच्या सायकलीवर जात आणि त्यात दम लागेल इतका वेग आणि मग उसंत असे आलटून पालटून करावे लागे. उरलेली १५ मिनिटे स्नायूंना ताण देणाऱ्या निरनिराळ्या व्यायामांची फेरी असे. याखेरीज आणखी दोन दिवस अर्धा-अर्धा तास स्वतःच्या स्वतः, आवडेल तो व्यायाम करायचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम करण्यास सांगते आणि हा कार्यक्रम त्याच बेताने आखला होता. पहिल्या काही आठवड्यांत त्याची तीव्रता हळूहळू वाढवली गेली. ज्या माणसाचे वजन शंभर किलोंच्या आसपास आहे आणि ज्याने वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही, त्याला हे वर्षभर करता आले यामागे प्रशिक्षक आणि सोबतची माणसे यांचा वाटा मोठा असला पाहिजे, असे मी मानतो.

पहिल्या वर्षाअखेरचा हिशेब

प्लासिबो गटाचे वजन वर्षभरात ६.१ किलोंनी वाढले. आहाराने उतरवलेल्या १३.१ किलोंपैकी जवळजवळ निम्मे परत आले, तेही आहारसल्ला आणि नियमित तपासणी चालू असताना. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे वजन २ किलोंनी वाढले. नुसते लिराग्लुटाइड घेणाऱ्यांचे ०.७ किलोने आणखी उतरले, म्हणजे जिथे होते तिथेच राहिले असे म्हणता येईल. औषध आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे आणखी ३.४ किलोंनी उतरले आणि सुरुवातीपासून मोजल्यास त्यांची एकूण घट १६ किलोंच्या पुढे गेली. प्लासिबोच्या तुलनेत हा फरक व्यायामाने ४.१, औषधाने ६.८ आणि दोन्हींनी ९.५ किलोंचा होता.

दोन्ही करणारा गट आणि नुसते औषध घेणारा गट यांच्या वजनात २.७ किलोंचा फरक होता आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो पुरेसा ठाम ठरला नाही. केवळ वजनकाट्यावर विसंबणारा वाचक इथे थांबेल आणि म्हणेल की औषध असताना व्यायामाने फारसे काही साधत नाही. पण संशोधकांनी शरीरातील चरबीचे प्रमाणही मोजले होते आणि तिथे वेगळेच दिसते. प्लासिबोच्या तुलनेत चरबीचे प्रमाण व्यायामाने १.७ आणि औषधाने १.९ टक्के-अंकांनी कमी झाले होते, तर दोन्ही मिळून ३.९ने. म्हणजे दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळून नाहीसा न होता जवळजवळ पुरता बेरजेत पडला. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी, इन्सुलिनला शरीराने दिलेला प्रतिसाद आणि हृदय-फुप्फुसांची क्षमता या तिन्हींत सुधारणा दिसली ती फक्त दोन्ही करणाऱ्या गटात. औषधामुळे हृदयाचे ठोके वाढणे आणि पित्ताशयात खडे होणे हे दोन त्रासही नुसते औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले, दोन्ही करणाऱ्यांत कमी.

हाडांबाबतचे निष्कर्ष याच सहभागींच्या तपासण्यांतून पुढे २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. नुसते लिराग्लुटाइड घेणाऱ्यांच्या खुब्याच्या आणि कण्याच्या हाडांची घनता कमी झालेली आढळली. औषधासोबत व्यायाम करणाऱ्यांचे वजन सर्वांत जास्त उतरूनही त्यांची हाडे मात्र राखली गेली होती. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांना हे इंजेक्शन लिहून देताना ही बाब डॉक्टरांनी आवर्जून सांगावी, इतकी ती महत्त्वाची आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज आधीच सुरू असते, आणि खुब्याचे हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळलेली आई किंवा आजी कोणत्या घराने पाहिलेली नाही?

उपचार नसलेले वर्ष

वर्ष संपल्यावर इंजेक्शने थांबली आणि प्रशिक्षकाचे वर्गही थांबले. त्यानंतर आणखी एक वर्ष उलटल्यावर १०९ जण पुन्हा तपासणीसाठी आले आणि त्यांचे निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध झाले.

लिराग्लुटाइड थांबवलेल्यांचे वजन या वर्षात व्यायामगटापेक्षा ६ किलोंनी अधिक वाढले. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी की औषधगटाचे वजन अधिक उतरलेले होते, त्यामुळे वाढायला जागाही अधिक होती. तरीसुद्धा ढोबळ वजाबाकी करून पाहिली तर पहिल्या वर्षाअखेर व्यायामगटापेक्षा पावणेतीन किलोंनी हलका असलेला औषधगट दुसऱ्या वर्षाअखेर त्याच्याहून जड ठरतो. ही वजाबाकी ढोबळच समजावी, कारण दुसऱ्या वर्षी सगळे सहभागी आले नव्हते. दोन्ही केलेल्यांचे वजनही वाढले, पण वर्षाअखेर ते नुसते औषध घेतलेल्यांपेक्षा सरासरी ५.१ किलोंनी कमी होते आणि मूळ वजनाच्या किमान १०% घट टिकवून ठेवणारेही त्यांच्यात स्पष्टपणे जास्त होते.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. औषधाचा परिणाम औषध शरीरात असेपर्यंतच असतो. ते थांबले की भूक आपल्या जुन्या जागी येते आणि वर्षभर औषध घेतल्याने शरीर काही नवे शिकलेले नसते. व्यायामाचा परिणाम मात्र वर्ग बंद झाल्यावरही काही अंशी मागे उरतो. वर्षभर घाम गाळलेल्या माणसाकडे वाढलेली क्षमता असते, टिकवलेले स्नायू असतात आणि सायकल काढून बाहेर पडण्याची सवय असते. यांतले काहीही प्रशिक्षकाबरोबर निघून जात नाही. वजन टिकवण्यासाठी औषध देताना व्यायामाला ‘जमलं तर करा’ या खात्यात टाकणे म्हणूनच मला चूक वाटते. औषधामुळे भूक काबूत असते आणि शरीर हलके झालेले असते, तो काळच व्यायाम अंगवळणी पाडण्यासाठी सर्वांत सोयीचा असतो आणि पुष्कळदा तो काळ नुसता वजनकाट्याकडे पाहण्यात निघून जातो.

एस-लाइटच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. ती १९५ जणांची, एका श्रीमंत आणि सायकलींच्या देशातली चाचणी आहे. वजन सर्वांनी आधी आहाराने उतरवले होते. ज्यांना ८०० कॅलरींवर राहणे जमले नाही किंवा ज्यांचे वजन पुरेसे उतरले नाही ते पुढे आलेच नाहीत. चाचणीसाठी औषध पुरवणारी नोव्हो नॉर्डिस्क ही त्याची उत्पादक कंपनी डेन्मार्कचीच आहे. तरीही औषध थांबल्यावर वजन वाढते हा भाग एकट्या या चाचणीवर अवलंबून नाही, कारण अधिक प्रभावी औषधांच्या बऱ्याच मोठ्या चाचण्यांनी तो तितक्याच स्पष्टपणे दाखवला आहे. २०२१च्या स्टेप-४ चाचणीत सेमाग्लुटाइडच्या २० आठवड्यांनंतर वजन १०.६% उतरलेल्या ८०३ जणांपैकी ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांचे पुढच्या ४८ आठवड्यांत आणखी ७.९% उतरले आणि ज्यांना नकळत प्लासिबोवर नेले त्यांचे ६.९% वाढले. टिर्झेपाटाइडच्या सरमाउंट-४मध्ये ३६ आठवड्यांत २०.९% उतरल्यावर पुढच्या वर्षात औषध चालू असलेल्यांचे आणखी ५.५% उतरले, थांबलेल्यांचे १४% वाढले. त्याच चाचणीत औषध चालू ठेवणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी आपल्या घटीचा किमान ८०% भाग टिकवला. थांबवलेल्यांपैकी असे करणारे १६.६% होते. म्हणजे औषधाविना टिकवणारेही साधारण सहांत एक असतातच. पण तो एक कोण असेल हे आधी ओळखण्याचे साधन आज डॉक्टरांच्या हाती नाही, म्हणून ‘आपण त्यांच्यातलेच’ असे धरून चालणे धोक्याचे ठरते. वजनाबरोबर खाली आलेला रक्तदाब, साखर आणि चरबीचे आकडेही औषध थांबल्यावर मूळ पातळीकडे परतू लागतात, हे सेमाग्लुटाइडच्याच स्टेप-१ चाचणीच्या पुढील पाठपुराव्यात दिसले. त्यात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग औषध थांबल्यावर वर्षभरात परत आला होता.

रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला तर कोणी गोळीला कुचकामी म्हणत नाही. लठ्ठपणाकडेही दीर्घकालीन आजार म्हणून पाहायचे तर हाच न्याय लावावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५मध्ये या औषधांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही गर्भवती वगळता प्रौढांसाठी दीर्घकालीन उपचाराचीच सशर्त शिफारस आहे आणि सोबत आहार व व्यायामाच्या नेटक्या साहाय्यावर भर आहे.

प्रश्न पैशांचा येतो तेव्हा मात्र हा न्याय अवघड होतो. इंग्लंडमध्ये कोणत्या उपचारावर सरकारी आरोग्यसेवेचा पैसा खर्च करायचा हे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने मार्च २०२३मध्ये लठ्ठपणासाठी सेमाग्लुटाइड मान्य केले, पण जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. स्टेप-४चे निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध होऊन दोन वर्षे झाली होती. दोन वर्षांनी औषध काढून घ्यायचे आणि वजन परत वाढताना पाहत राहायचे, हा रुग्णाच्या दृष्टीने कठोर बेत होता. डिसेंबर २०२४मध्ये टिर्झेपाटाइडला मान्यता देताना ही कालमर्यादा घातली गेली नाही. सोसेल त्या सर्वाधिक मात्रेवर सहा महिने राहूनही ५% घट झाली नाही तरच पुढे चालू ठेवायचे की नाही याचा फेरविचार करावा, असे सांगितले गेले. तारीख पाहून औषध थांबवण्यापेक्षा परिणाम पाहून थांबवणे मला अधिक योग्य वाटते.

आपल्याकडे या प्रकरणाचा अर्थ

टिर्झेपाटाइड मार्च २०२५मध्ये माउंजारो या नावाने भारतात आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये लठ्ठपणासाठीचे सेमाग्लुटाइड वेगोव्ही या नावाने आले. माउंजारोची ५ मिलिग्रॅमची कुपी बाजारात आली तेव्हा ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक धरली तर महिन्याला साडेसतरा हजार रुपये होतात, आणि हा खर्च आपल्याकडे बहुतांशी रुग्णाच्याच खिशातून जातो. सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च २०२६मध्ये संपले आणि किंमत खाली येण्याची वाट मोकळी झाली. किंमत उतरल्यावर औषध सुरू करणारे वाढतील, हे उघड आहे. पण घरातले लग्न पार पडेपर्यंत किंवा बोनस संपेपर्यंत औषध घ्यायचे आणि मग सोडून द्यायचे, असे झाले तर एस-लाइटच्या औषधगटाचे दुसरे वर्ष आपल्याकडे घराघरांत पाहायला मिळेल.

डॅनिश आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, त्याचे कारण आपल्या शरीरांच्या घडणीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना मांडली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता; युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१% होती, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२%. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३ बीएमआयवर आणि लठ्ठपणाची २५वर ओढली जाते, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो धोक्याचा मानला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३मध्ये आले, पोटाचा लठ्ठपणा ३९.५% प्रौढांत आढळला.

चरबी जास्त आणि स्नायू कमी अशा शरीराचे वजन औषधाने उतरते तेव्हा स्नायू गमावणे त्याला अधिक महागात पडते. स्टेप-१ चाचणीत शरीराची घडण तपासलेल्या उपगटात उतरलेल्या वजनाचा जवळजवळ ४०% भाग चरबीचा नव्हता. परत वाढताना मात्र वजन मुख्यतः चरबीच्या रूपाने येते, त्यामुळे औषध घेतले, सोडले, पुन्हा घेतले असे होत राहिले तर काट्यावर आकडा तोच दिसूनही शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त होत जाण्याची भीती असते. एस-लाइटमधील १५ मिनिटांची स्नायूंच्या व्यायामाची फेरी या दृष्टीने आपल्याला डेन्मार्कपेक्षाही अधिक लागू पडते. तिला महागडी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला रेटून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे एवढ्यावर सुरुवात होते. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीने हे फिजिओथेरपिस्टला विचारून करावे. औषधाने भूक मेलेली असताना ताटातला भात-पोळी तेवढी खाऊन डाळ, उसळ, ताक, अंडी, मासे बाजूला सारले जाऊ नयेत याकडे घरच्यांनीही लक्ष द्यावे, कारण अन्न कमी जाते तेव्हा प्रथिनांची तूट लवकर पडते.

औषध सुरू करतानाच ते किती काळ घ्यायचे, परवडणार किती काळ आणि थांबवावे लागले तर काय करायचे, हे डॉक्टर आणि रुग्ण यांनी बोलून घेतले पाहिजे. आधीच हृदयविकार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत थांबवण्याचा विचार अधिकच जपून करावा लागतो. १७,६०४ रुग्णांच्या सिलेक्ट चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २०%ने कमी झाले होते आणि तो फायदा औषध घेत असणाऱ्यांचा आहे. मूल हवे असलेल्या स्त्रीला मात्र ते थांबवावेच लागते, आणि सेमाग्लुटाइडच्या बाबतीत गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी. अशा वेळी औषध अजून चालू असतानाच व्यायामाची बैठक पक्की करून घेणे हा एस-लाइटने दाखवलेला सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

औषध थांबवल्यानंतरच्या पाठपुराव्याचे प्रमाणही ठरवून घेता येते. जानेवारी २०२६मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार वजनाची औषधे थांबवल्यावर वजन महिन्याला सरासरी ०.४ किलोने वाढते. ही वाढ कपड्यांवरून कळत नाही, काट्यावर कळते. म्हणून महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन आणि त्याच टेपने कंबर मोजून वहीत लिहून ठेवावी, आणि दोन-तीन महिने सलग चढ दिसला तर वर्षअखेरची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. त्या भेटीत औषध पुन्हा सुरू करायचे ठरलेच, तर घरात उरलेल्या इंजेक्शनच्या पेनमधून जुनी मोठी मात्रा आपणहून टोचून घेऊ नये. लिराग्लुटाइडमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तरी ०.६ मिलिग्रॅमपासून पुन्हा पायरीपायरीने चढावे लागते. साप्ताहिक इंजेक्शनात दीर्घ खंडानंतर कोणत्या मात्रेपासून आरंभ करायचा हे डॉक्टर ठरवतात, आणि बहुधा तो सर्वांत कमी मात्रेपासूनच होतो.